कोणाचे टाळ अजून वाजतायत?



आजचं चिंतन गीतेच्या तिसऱ्या अध्यायातल्या २१व्या श्लोकावर. भाव साधा आहे: पुढे असलेला माणूस जसा वागतो, तसेच बाकीचे वागतात. मी आयटीत टीम सांभाळतो, त्यामुळे हा श्लोक वाचला की मला वारी आठवते.

माउलींची पालखी मुक्कामाला पोचली की समाजआरती असते. चोपदार चोप उंच करतात आणि हजारो टाळ-मृदंग एकदम शांत होतात. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल, तर तिचे टाळ वाजतच राहतात. मग चोपदार स्वतः तिथे जातात, म्हणणं ऐकून घेतात. नंतरच आरती.

आपल्या स्टँडअपमध्ये? "काही अडचण?" सगळे गप्प, आपण खूश. पण ही शांतता समाधानाची की भीतीची? रिलीजच्या आदल्या रात्री बग सांगणाऱ्यावर लीड सगळ्यांसमोर चिडला, तर पुढचा बग कोण सांगेल? लपवायला टीम आपल्याकडूनच शिकते.

आज एवढंच करूया. जो कुरकुरतोय, त्याच्या डेस्कपाशी आपण जाऊया. आधी ऐकूया, मग बोलूया.

राम कृष्ण हरी!