उंबरठा आणि आधार

आपल्या धर्मशास्त्राने वार्धक्यासाठी घर सोडण्याची वाट आखून दिली होती. अंगावर सुरकुत्या आल्या, केस पिकले आणि मुलाचे मूल दृष्टीस पडले म्हणजे गृहस्थाने वनाचा आश्रय करावा, असे मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. आज याच्या नेमके उलट घडते. वृद्ध घरी राहतात आणि मुलेच दूर जातात. कोणी शहराच्या पश्चिमेकडील नव्या वसाहतींत, कोणी अमेरिकेत. मागे उरलेले घर वृद्धांच्या सोयीचे करून देण्याचा एक नवा व्यवसाय त्यातून वाढीस लागला आहे. न्हाणीघरात धरावयाचे पोलादी दांडे, न घसरणारी फरशी, उंबरठ्याच्या जागी उतार, उशाशी घंटेची कळ, हे सारे आता मापे घेऊन आणि दर ठरवून बसवून मिळते. प्रश्न असा, की इतके करून दिले म्हणजे मुलाचे ऋण फिटते काय?

अंबरपेठेतील आमचे घर जुने. शहाबादी फरशीचे आणि दीड फूट उंच जोत्याचे. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करावयाचा तर एक फूट उंचीस बारा फूट लांबी असावी, असा स्थापत्याचा दंडक आहे. म्हणजे आम्हांस अठरा फूट हवेत, आणि तेवढी जागा दारापुढे नाही. तेव्हा आईसाठी न्हाणीत व पायऱ्यांशी दांडे बसविले. ते बसविल्यावर एक गोष्ट मला कळली, जी आधीच कळावयास हवी होती. दिवेलागणीनंतर आई पाणी पिणेच टाळीत असे. रात्री उठावे लागले तर कोणाला तरी हाक मारावी लागेल म्हणून. आम्ही हाकेला धावत होतो हे खरे. परंतु हाक मारण्याचा संकोच ती मुकाट्याने सोशीत होती.

म्हणून हे दांडे म्हणजे मायेला दिलेला सोडपत्राचा कागद होय, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. दुसऱ्याचे तोंड न पाहता आपले नित्यकर्म उरकता येणे ही वृद्धांच्या मानाची गोष्ट आहे.

परंतु या नाण्याला दुसरी बाजू आहे, आणि ती माझ्याच आचरणात मला दिसली. पूर्वी संध्याकाळी आईचा हात धरून मी तिला पायऱ्या उतरवीत असे व देवळापर्यंत जात असे. दांडा लागला आणि मी खटल्यांचे कागद घेऊन घरीच बसू लागलो. काही दिवसांनी ती म्हणाली, "उतरायला आता तुझी गरज नाही रे. पण देवळात कोण आलं, कोण नाही, हे परतताना सांगायला कुणीतरी हवं." त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. गरज होती म्हणून मी जात होतो, आणि त्यालाच मी भक्ती समजत होतो. गरज सरल्यावरही जो जातो त्याचेच जाणे खरे.

कायदा येथवर येऊ शकत नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या कायद्यात निर्वाहाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवास आणि वैद्यकीय उपचार यांचा समावेश आहे. वृद्धाला सामान्य जीवन जगता यावे हा त्याचा हेतू. निवास म्हणजे केवळ छप्पर, की वापरता येईल अशी न्हाणीही, हा वाद वकील घालू शकेल. सोबत मात्र कोणतेही न्यायाधिकरण वसूल करून देऊ शकत नाही.

समाजालाही यात वाटा आहे. जपानात 2000 साली सुरू झालेल्या शुश्रूषा-विम्यातून घरात दांडे बसविण्यास व पायऱ्या काढण्यास दोन लाख येनपर्यंतच्या खर्चाला साहाय्य मिळते. आपल्याकडे हा भार कुटुंबावरच आहे. भाड्याच्या खोलीतील वृद्धाला तर भिंतीत खिळा ठोकण्यासही मालकाची संमती लागते. शिवाय पैसे देतो मुलगा आणि राहते आई, त्यामुळे विकणारा मुलाच्या भीतीशी बोलतो, आईच्या सवयीशी नव्हे. कोठे काय हवे हे आईलाच आधी विचारावे. ज्या उंबरठ्यावर तिने वर्षानुवर्षे रांगोळी घातली, तो तिला न विचारता उखडणे हा सोयीच्या नावाखाली केलेला अपमान आहे.

हाच न्याय देवळांनाही लागू आहे. राजीव रतुडी यांच्या प्रकरणात 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सार्वजनिक जागी अपंगांना सुगम प्रवेश मिळण्याचे किमान नियम शिफारशीवजा न ठेवता बंधनकारक असावेत, असे ठरविले. त्यासाठी आधारभूत ठरलेला अहवाल आपल्या हैदराबादच्या नालसार विद्यापीठातील अपंगत्व-अभ्यास केंद्राने तयार केला होता. परंतु न्यायालयाच्या आज्ञेची वाट आपण का पाहावी? आपल्या देवळाच्या पायऱ्यांशी कठडा आहे काय, आणि जी वृद्ध माणसे हल्ली दिसेनाशी झाली ती का, एवढे विश्वस्तांनी व आपण सर्वांनी एकदा पाहावे.

आमच्या पायऱ्यांवरचा दांडा आहे तेथेच आहे. आई त्याला धरून उतरते. मी तिच्या शेजारून चालतो.