आपल्या दारातून परतलेले संकट कुणाच्या दारी गेले?



आपला शेजारी कोण, असे एका शास्त्र्याने प्रभू येशूला विचारले आणि प्रभूने त्याला दयाळू शोमरोन्याचा दाखला सांगितला. हा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यातला जखमी माणूस वाटेवर, डोळ्यांसमोर पडलेला असतो. परंतु जो आपल्याला दिसतच नाही, जो हजार किलोमीटरहून अधिक दूर राहतो आणि ज्याची भाषाही आपल्याला कळत नाही, तो आपला शेजारी ठरतो का? रत्नागिरीकरांना हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्टरलाइट कंपनीचा तांबे वितळवण्याचा कारखाना आपल्या शहराजवळ उभा राहणार होता. त्याच्या धुराने हापूसच्या बागा आणि सांडपाण्याने मासळी धोक्यात येईल, अशी भीती होती. बागायतदार, शेतकरी, मच्छीमार आणि शहरातील सामान्य माणसे एकत्र आली. १९९३ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी काम थांबवण्यास सांगितले आणि अखेर कंपनी येथून निघून गेली. आपल्यातील ज्येष्ठांना ते दिवस आठवतात. माणसे संघटित झाली तर सरकारलाही ऐकावे लागते, हे रत्नागिरीने तेव्हा दाखवून दिले.

आपल्यापुरती ती गोष्ट तिथे संपली. कारखाना मात्र बंद पडला नाही, तो तामिळनाडूत तुतिकोरिनला गेला. ऑक्टोबर १९९४ मध्ये तेथे त्याची पायाभरणी झाली. पुढे अनेक वर्षे तेथील लोक हवा, पाणी आणि आजारपण यांच्या तक्रारी करीत राहिले. २२ मे २०१८ रोजी, आंदोलनाच्या शंभराव्या दिवशी, हजारो लोक जिल्हाधिकारी कार्यालयाकडे निघाले आणि पोलिसांनी गोळीबार केला. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून तेरा जणांचा बळी गेला. त्यात सतरा वर्षांची एक मुलगीही होती. काही दिवसांतच राज्य सरकारने कारखाना बंद करण्याचा आदेश दिला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीची याचिका फेटाळली. तुतिकोरिनच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांत कॅथलिक कुटुंबे फार मोठ्या संख्येने आहेत. आपण ज्या प्रभुभोजनात सहभागी होतो त्यातच तीही सहभागी होतात.

मग रत्नागिरीच्या लोकांनी चूक केली का? आमच्या मते मुळीच नाही. आपल्या जमिनीचे आणि लेकराबाळांचे रक्षण करणे हे कर्तव्यच होते. कारखाना कुठे न्यायचा हे त्यांनी ठरवले नव्हते, तो दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण संकट आपल्या अंगणातून गेले की आपण सुटकेचा श्वास सोडतो आणि ते पुढे कुठे गेले याची चौकशी करीत नाही. काइनाला देवाने भावाविषयी विचारले तेव्हा त्याने जबाबदारी झटकली. आपण भावाला मारलेले नाही हे खरे, पण भाऊ कुठे आहे हे न विचारण्याची सवय आपल्यालाही आहे.

आणि आज दूरचा शेजारी कोण, हे पाहायला तामिळनाडूत जाण्याची गरज नाही. आपल्याच जिल्ह्यात, राजापूर तालुक्यात, माडबन आणि साखरी नाटे परिसरातील शेतकरी व मच्छीमार जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाविरुद्ध वर्षानुवर्षे झगडले. १८ एप्रिल २०११ रोजी नाटे येथे गोळीबारात एक तरुण मरण पावला. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाविरुद्ध गावे उभी राहिली आणि २०१९ मध्ये तेथील भूसंपादन रद्द झाले. नंतर त्याच प्रकल्पासाठी बारसू-सोलगावचे नाव पुढे आले. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षण सुरू झाले तेव्हा बायामाणसे भर उन्हात रस्त्यावर आडवी झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत या प्रकल्पाविषयी लिहिणारे राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला गाडीने धडक दिली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला. त्या दिवसांत आपल्यापैकी किती जणांनी राजापूरच्या लोकांची साधी विचारपूस केली?

यावर काही जण म्हणतील, आमच्या मुलांना नोकऱ्या कोण देणार? घरातला कर्ता मुलगा मुंबईला किंवा आखातात गेला आहे अशी कुटुंबे आपल्या धर्मग्रामातही आहेत. त्यांचे दुःख खोटे नाही. काही जण म्हणतील, अणुवीज कोळसा जाळत नाही, मग हवामान बदलाच्या काळात तिला विरोध का? हाही विचार करण्यासारखा प्रश्न आहे. जून २०२० च्या निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडच्या बागा झोपवल्या आणि जुलै २०२१ च्या पुराने चिपळूण बुडाले, हे आपण पाहिले आहे. वीज आपल्या घरातही लागते, आपल्या चर्चमध्येही लागते.

येथे नाबोथाची कथा आठवावी. अहाब राजाने त्याचा द्राक्षमळा फुकट मागितला नव्हता. त्याऐवजी अधिक चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली होती. मागणे हे पाप नव्हते. वाडवडिलांची जमीन देणार नाही, हे नाबोथाचे उत्तर राजाच्या घराला सहन झाले नाही, तिथून पाप सुरू झाले. म्हणून कोणत्याही प्रकल्पाविषयी पहिला प्रश्न मोबदला किती हा नसून, ज्यांच्यावर ओझे पडणार त्यांना ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार आहे का, हा आहे. गावोगाव फिरून ग्रामसभेत ठराव करून घेणारे, जाडजूड अहवाल वाचून सोप्या मराठीत समजावणारे, जनसुनावणीला माणसे नेणारे कार्यकर्ते हा अधिकार जिवंत ठेवतात. ते प्रत्येक वेळी बरोबरच असतील असे नाही. पण त्यांच्यामुळे गरिबाचे म्हणणे ऐकल्याशिवाय निर्णय घेणे अवघड होते. वसईत हरित वसईच्या चळवळीचे नेतृत्व करणारे दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हे काम धर्मगुरूच्या सेवेबाहेरचे मानले नाही. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रात धरतीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकायला सांगितले.

आम्हाला वाटते, ‘आमच्या दारी नको’ ही न्यायाची पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. जे आपल्या मुलांच्या छातीला चालणार नाही, ते दुसऱ्याच्या मुलांनाही चालणार नाही, ही दुसरी पायरी. आणि जिच्यासाठी हे सारे उभे राहते ती आपली गरज थोडी कमी करणे, ही तिसरी. पहिली पायरी रत्नागिरीने केव्हाच चढली आहे. उरलेल्या दोन चढताना आपल्याला स्वतःचे काही सोडावे लागेल, म्हणून त्या कठीण आहेत.

या आठवड्यात कुटुंबाच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत तुतिकोरिनच्या त्या तेरा जणांची आणि राजापूरच्या गावांची आठवण करू या. नाटे किंवा बारसूकडचे कुणी ओळखीचे असेल तर त्यांच्याकडे जाऊन बसू या, त्यांचे ऐकून घेऊ या. शोमरोन्याने केलेली पहिली गोष्टही एवढीच होती: तो वाट बदलून गेला नाही, जवळ गेला. प्रभू आपल्यालाही तेवढे बळ देवो.