आत काय आहे?

जगात काही प्रश्न असे आहेत, की ते विचारले तर माणूस असभ्य ठरतो आणि न विचारले तर मूर्ख. बाईचे वय, पुरुषाचा पगार आणि सॉसेजच्या आत काय आहे, हे त्यांतले तीन प्रमुख. पहिल्या दोहोंवर थोरामोठ्यांनी भरपूर शाई खर्च केलेली आहे. तिसऱ्याला मराठीत कोणी हात घातल्याचे निदान माझ्या वाचनात नाही. तो आज मी घालणार आहे. अर्थात धुऊन.

धाराशिवात राहणाऱ्या, बँकेत कारकुनी करणाऱ्या, बी. कॉम. झालेल्या माणसाचा सॉसेजशी संबंध काय, असे तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. आमच्याकडे मटण म्हटले की काळ्या मसाल्याचा रस्सा, ज्वारीची भाकरी आणि दुपारची झोप, एवढेच शास्त्र लोकांना ठाऊक. पण आमची कन्या पुण्याला शिकायला गेली आणि पहिल्याच सुटीत डोक्यात सॉसेज घेऊन आली. त्यात २०१५च्या सप्टेंबरपासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुटी मिळू लागली, तेव्हापासून आमच्या घरी पाहुण्यांचा राबता वाढलेला. पाहुण्यांना काहीतरी 'वेगळे' वाढावे, ही सौ.ची जुनी हौस. मायलेकींचे एकमत झाले. एकमत झालेल्या मायलेकींपुढे रिझर्व्ह बँकेचे काही चालत नाही, तिथे मी कोण?

मुळात सॉसेज हा 'तो', 'ती' की 'ते', इथूनच आमच्या घरात मतभेद आहेत. कन्या 'तो' म्हणते, सौ. 'ती' म्हणते. मी कारकून असल्यामुळे कुठेच अडकू नये म्हणून 'ते' म्हणतो. करायला मात्र ते सोपे. अर्धा किलो बोकडाचा खिमा, खाटकाकडून यंत्रातून दोनदा काढून आणलेला आणि थोडी चरबी राखलेला. त्यात मीठ, भरपूर लसूण, आले, मिरपूड, तिखट, किंचित काळा मसाला, दोन चमचे डाळ्याचे पीठ आणि दोन-तीन चमचे बर्फाचे पाणी. मग मळायचे, हाताला चिकटेपर्यंत मळायचे. मिठामुळे मांसातली प्रथिने सुटून चिकट होतात आणि तीच पुढे सगळ्यांना एकत्र धरून ठेवतात, असे कन्येने समजावले. हे काम फक्त युनियन करते, असा माझा आजवर समज होता. मग बोटाएवढ्या वळकट्या वळायच्या, केळीच्या पानात गुंडाळायच्या, कोथिंबीरवडीसारख्या वीसेक मिनिटे उकडायच्या आणि गार झाल्या की तव्यावर लालसर परतायच्या. नुसत्या वाढा, भातात घाला, नाहीतर चकत्या करून कांदा-बटाट्याच्या रश्शात सोडा. अर्ध्या किलोचे साधे मटण केले तर ते चार माणसांत संपते आणि पाचवा माणूस फोडी शोधत रश्शात बोटे फिरवतो. तेवढ्याच खिम्याच्या चकत्या रश्शात सोडल्या की आठ माणसे तृप्त होतात. ठेव तेवढीच, कर्जवाटप दुप्पट! बँकिंग म्हणजे तरी दुसरे काय असते?

खिमा अर्थात उस्मानाबादी शेळीचा. शहराचे आणि जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले, पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, पण ही काळीभोर शेळी आपली जात अजून उस्मानाबादीच सांगते. वरचे लेबल वेगळे आणि आतला माल तोच, हे तिला शोभून दिसते. सॉसेजला शोभत नाही. तिथे प्रश्न उभा राहतो.

बँकेत सस्पेन्स खाते नावाची एक सोय असते. एखाद्या रकमेचे काय करावे हे संध्याकाळपर्यंत कळले नाही, की ती त्या खात्यात टाकून आम्ही घरी जातो. सॉसेज हे स्वयंपाकघराचे सस्पेन्स खाते होय. त्याचे नाव लॅटिनमधल्या 'खारवलेले' या अर्थाच्या शब्दावरून आले. जनावर कापल्यावर जे तुकडे ताटात मिरवण्याजोगे नसतात, ते खारवून, मसाला लावून आतड्यात भरायचे, ही मूळ युक्ती. होमरच्या 'ओडिसी'त बोकडाच्या पोटाच्या पिशवीत चरबी आणि रक्त भरून ती विस्तवावर भाजायला ठेवल्याचा उल्लेख आहे. म्हणजे भरणारा जाणतो आणि खाणारा चाचपडतो, ही परिस्थिती फार पुरातन आहे. बरे, आतले कळले तरी भागत नाही. बाहेरचे वेष्टण मेंढीच्या, डुकराच्या नाहीतर बैलाच्या आतड्याचे असू शकते, किंवा गुरांच्या कातड्यातल्या कोलॅजेनपासून केलेले. आत साधी कोंबडी असली, तरी तिने अंगावर कोणाचा अंगरखा घातलाय, याची चौकशी उरतेच.

आणि आमची पंगत कशी म्हणाल? कॅशियर मुसलमान, त्यांना डुक्कर चालत नाही. एक साहेब जैन, कुंथलगिरीला नेमाने जाणारे, त्यांना यातले काहीच चालत नाही, लसूणसुद्धा. तुळजापूरचे एक सहकारी मंगळवार पाळतात आणि बाकीच्या सहा दिवसांत त्याची भरपाई करतात. चार खुर्च्यांवर चार धर्मशास्त्रे बसलेली असताना मधोमध सॉसेजची बशी ठेवणे म्हणजे तपासणीच्या दिवशी तिजोरी उघडी ठेवण्यासारखे आहे.

यावर आमच्या शाखेतल्या एका तत्त्वज्ञाचे म्हणणे असे, की सांगायचेच कशाला? वाढावे आणि गप्प बसावे. "पोटात गेल्यावर कुणाला कळतंय? जे कळलंच नाही, त्याचं पाप कसलं हो?" वरवर पाहता बिनतोड. पण मी त्यांना विचारले, "एखाद्या खातेदाराच्या खात्यातले दहा हजार आपण सोमवारी काढले, वापरले आणि तो गुरुवारी पासबुक भरायला येण्याआधी परत टाकले. त्याला काही कळलं नाही, त्याचा रुपयाही बुडाला नाही. मग आपल्याला निलंबित का करतात?" तत्त्वज्ञ गप्प झाले. कारण अफरातफर ही अफरातफरच. पैसा त्याचा होता, आपल्याकडे फक्त विश्वासाने ठेवलेला होता. पाहुण्याचे व्रत, नेम, पथ्य ही तशीच ठेव आहे. तो आपल्या दारात चपला काढतो, तेव्हा तीही आपल्या हवाली करतो. ती त्याच्या नकळत मोडणे हा गुन्हा आहे, भले त्याने बोटे चाटली असोत.

बी. कॉम.ला व्यापारी कायदे शिकताना दोन तत्त्वे पाठ केली होती. एक, घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावे, नंतर तक्रार करू नये. हे बाजाराला लागू. दुसरे, परम विश्वासाचे तत्त्व. हे विम्याला लागू. तिथे खरी माहिती एकाच पक्षाकडे असते, म्हणून त्याने न विचारताही सगळे सांगितले पाहिजे. आता तुम्हीच सांगा, जेवणाचे ताट कशात मोडते? पाहुणा भाव करत नाही, तपासून घेत नाही, मान खाली घालून समोर येईल ते तोंडात टाकतो. हा बाजार नव्हे. म्हणून आमच्या घरी वाढण्याआधी मी उभा राहून जाहीर करतो, "मंडळी, बोकडाचा खिमा, वर आतडे नाही, लसूण आहे, अंडे नाही. जैन साहेबांसाठी बिनलसणाचे वरण आणि मुगाची उसळ वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या डावाने." लोक हसतात. सौ. म्हणते, "अहो, हे जेवण आहे, कर्जाचा अर्ज नाही." पण लोक निर्धास्तपणे जेवतात, हे तीही कबूल करते.

एवढ्यावर माझा निबंध संपायला हवा होता. यजमानाने सांगावे, पाहुण्याने ऐकावे, दोघांनी जेवावे. पण गोव्याहून आमच्याकडे एक अधिकारी बदलून आले आणि हिशेबात फरक निघाला.

त्यांनी येताना चोरीस आणले. हे गोव्याचे सॉसेज. डुकराचे मांस, माडाच्या सुरेचे व्हिनेगर, लाल मिरची आणि लसूण यांत मुरवलेले, उन्हात नाहीतर धुरावर वाळवलेले आणि जपमाळेसारखे दोऱ्यात ओवलेले. पावसाळ्याची बेगमी म्हणून तिथे ते साठवतात. बटाटा-कांदा घालून शिजवायचे आणि पावाबरोबर खायचे. साहेबांनी एका शनिवारी चार जणांना बोलावले आणि आधीच स्वच्छ सांगितले, "डुकराचं आहे हं." ज्यांना नको होते त्यांनी आमलेट खाल्ले. बाकीच्यांनी चोरीस खाल्ले आणि घाम पुसत "वा! काय चव आहे!" म्हटले. मीसुद्धा. माझ्या सिद्धांताला याहून चांगला पुरावा कुठला?

परतताना स्कूटरवर मागे आमच्या शाखेतला एक सहकारी होता. कित्येक वर्षे आम्ही एकत्र डबा खातो. "आज काय आणलंय?" असे विचारले की त्याचे उत्तर ठरलेले, "भाजी." तो म्हणाला, "साहेबांनी सांगितलं आणि सगळे वा म्हणाले. बरं वाटलं. आमच्या घरी आजी चान्या करायची. मांसाच्या पट्ट्या, मीठ लावून उन्हात वाळवलेल्या. पावसाळ्यासाठीच. हेच की हो ते! पण मी कधी डब्यात आणल्या नाहीत. आणल्या असत्या आणि तुम्ही विचारलं असतं, तर मी भाजीच म्हणालो असतो."

मी स्कूटर चालवत होतो, त्यामुळे उत्तर न देण्याची सोय होती.

मीठ तेच, ऊन तेच, पावसाळ्याची काळजी तीच. एकाचे कौतुक हॉटेलच्या मेनूकार्डावर आणि दुसऱ्याचे नाव डब्याच्या झाकणाखाली. आपल्याच जिल्ह्यातले शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या खाण्यापिण्यावर २०१५ मध्ये एक पुस्तक लिहिले. त्यात चान्याही आहेत आणि रक्तीही. म्हणजे होमरच्या आगटीवर जे भाजत होते, त्याची जवळची नातलगच. पुस्तकाचे नाव 'अन्न हे अपूर्णब्रह्म'. एक 'अ' जोडला आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा ताळेबंद पुन्हा तपासायला काढला. २०२४ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतरही आले. ते वाचल्यावर मला कळले, की 'आत काय आहे?' या प्रश्नाचे उत्तर देण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. मी 'बोकड' म्हटले तर लोक हसतात. कोणी दुसरे काही म्हटले तर भाड्याने घर मिळत नाही. घर दाखवताना मालक सहज विचारतो, "तुमच्याकडे काय चालतं?" त्याला पदार्थाची चौकशी करायची नसते. त्याला माणसाच्या आत काय आहे ते हवे असते.

पोर्तुगालमध्ये अल्येइरा नावाचे एक सॉसेज मिळते. तिथे १४९७ साली ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केले गेले. पुढे १५३६ मध्ये धर्मपीठाची चौकशी बसली. घरात डुकराचे सॉसेज टांगलेले नसले की शेजाऱ्यांना संशय येई. तेव्हा म्हणे या लोकांनी पाव, कोंबडी आणि लसूण भरून हुबेहूब तशी सॉसेजेस केली आणि दारात टांगली. इतिहासकार या कथेवर वाद घालतात. घालोत बापडे. माझ्या परम विश्वासाच्या तत्त्वाला मात्र त्या सॉसेजने निरुत्तर केले. खोटे सांगणारे ते सॉसेज अप्रामाणिक, की खरे सांगणे अशक्य करून ठेवणारा शेजार?

म्हणून माझा सिद्धांत मी दुरुस्त केलेला नाही, त्याला दुसरी बाजू जोडली आहे. जमा आहे तिथे नावेही हवे. यजमानाने न विचारता सांगावे, ही जमेची बाजू. आणि पाहुण्याने आपल्या पोटाला चालते की नाही, एवढ्यापुरतेच ऐकावे. त्यावरून चुलीची पत ठरवू नये, ही नावेची. 'मला चालत नाही' म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. 'शी!' म्हणण्याचा कोणालाच नाही. पहिल्याने ताटाचा निर्णय होतो, दुसऱ्याने माणसाचा.

हे मला तीन पानांत सांगावे लागले. परंड्याच्या आमच्या माळकरी आत्यांनी ते एका दमात केले. त्या आल्या, तेव्हा नेमका सॉसेजचा बेत होता. बशीकडे बघून त्यांनी विचारले, "काय रं हे लांबुळकं? आत काय हाय?" मी सगळा तपशील सांगितला. त्यांनी माळ सारखी केली आणि म्हणाल्या, "मग सूनबाई, मला मूठभर पिठलं टाक. आन् हे लेकरांना वाढ की आधी, गार व्हायलंय." आणि पाट ओढून माझा तो डबेवाला सहकारी बसला होता, त्याच्याशेजारी बसल्या. "तुमच्याकडं काय करत्यात वाळवणाचं?" असे त्यांनी त्याला विचारले. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "चान्या." आत्या म्हणाल्या, "उन्हाळ्यात कावळे लई येत असतील मग. राखण करावी लागत असंल." आणि वाळवणाच्या राखणीवर दोघांची अर्धा तास चर्चा झाली.

आठ सॉसेजेस होती आणि नऊ माणसे. आत्यांनी पिठले घेतल्यामुळे हिशेब बरोबर जुळला. सस्पेन्स खात्यात शिल्लक शून्य.