मिलिटरी आणा म्हणणाऱ्यांना

"पाच वर्षं मिलिटरी आणा, सगळे सुतासारखे सरळ होतील." घोटीच्या स्टँडवर, बाजाराच्या दिवशी, लग्नाच्या मांडवात हे वाक्य सर्रास ऐकू येतं. बोलणारी माणसं वाईट नसतात. वैतरणा, दारणा, मुकणे, भावली ही धरणं आपल्याच तालुक्यात, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारे पाडेही आपल्याच तालुक्यात. सातबाऱ्यावरची एक नोंद दुरुस्त करायला वर्षभर हेलपाटे घातलेला माणूस चिडणारच. त्याचं दुखणं खरं आहे. तो सांगतो ते औषध मात्र विष आहे, आणि ते प्यालेला ब्रह्मदेश, म्हणजे आजचा म्यानमार, आपल्याला परका नाही.

इथून हाकेच्या अंतरावर इगतपुरीचं धम्मगिरी आहे. विपश्यनेचं हे केंद्र उभं करणारे सत्यनारायण गोएंका जन्मले मंडालेत, म्हणजे जिथल्या तुरुंगात टिळकांनी 'गीतारहस्य' लिहिलं त्या गावी. त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाचे महालेखापाल. लष्करी सरकारनं उद्योगधंदे ताब्यात घेतले तेव्हा गोएंकांचे कारखानेही गेले. १९६९ साली ते भारतात आले. त्या दशकात भारतीय वंशाच्या सुमारे तीन लाख लोकांनी तो देश सोडला. पिढ्यान् पिढ्यांची दुकानं मागं राहिली.

ब्रह्मदेशात लष्कर पहिल्यांदा आलं ते बोलावल्यावरून, हे आपण नीट ध्यानात घ्यायला हवं. १९५८ मध्ये सत्ताधारी पक्ष फुटला आणि पंतप्रधान ऊ नू यांनी कारभार जनरल ने विन यांच्या हाती दिला. दीड वर्षात रंगून झाडूनपुसून लख्ख झालं. लाखाहून अधिक झोपडपट्टीवासी शहराबाहेर हलवले गेले. या कारभाराची वाहवा परदेशातही झाली. १९६० मध्ये निवडणूक झाली, लष्कराच्या मर्जीतल्या पक्षाला लोकांनी पाडलं आणि ऊ नूंना परत आणलं. पण लष्कराला राज्य करण्याची चव लागली होती. २ मार्च १९६२ च्या पहाटे तेच जनरल आले, या वेळी न बोलावता. राज्यघटना गुंडाळली गेली. जुलैत रंगून विद्यापीठातल्या मुलांवर गोळ्या झाडल्या आणि दुसऱ्या सकाळी विद्यार्थी संघाची इमारत सुरुंग लावून उडवली. स्वच्छ रस्त्यांची किंमत अशी वसूल झाली.

पुढचं घोटीच्या माणसाला अधिक कळेल, कारण आपलं गाव भातावर आणि भाताच्या गिरण्यांवर जगतं. महायुद्धापूर्वी ब्रह्मदेश जगात सर्वांत जास्त तांदूळ बाहेर पाठवायचा, वर्षाला तीस लाख टनांच्या घरात. लष्करानं हा व्यापार सरकारी केला. शेतकऱ्यानं ठरलेला कोटा ठरलेल्या पडत्या भावानं घालायचा. भाव पटला नाही तर दुसरा व्यापारी नाही. मोर्चा काढायला संघटना नाही. गाऱ्हाणं छापायला वर्तमानपत्र नाही. निर्यात काही लाख टनांवर घसरली, आणि १९६७ मध्ये त्या तांदळाच्या कोठारात तांदळाचीच टंचाई झाली. सप्टेंबर १९८७ मध्ये २५, ३५ आणि ७५ क्यातच्या नोटा रद्द झाल्या, बदल्यात छदामही नाही. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी या देशाला अतिमागास देशांच्या यादीत घातलं. याउलट समृद्धी महामार्गाच्या भूसंपादनाविरुद्ध आपल्या तालुक्यातले शेतकरी उभे राहिले, मोबदल्यासाठी भांडले. सगळ्यांचं समाधान झालं नाही, पण भांडता आलं.

हे सैनिकाविरुद्ध लिहीत नाही. आपल्या पट्ट्यातली कितीतरी घरं मुलगा फौजेत पाठवतात. भारताचं सैन्य राजकारणापासून दूर राहिलं, हा त्याचा पराक्रम रणांगणावरच्या पराक्रमाइतकाच मोठा. लढाईत हुकूम निमूट पाळावाच लागतो. पाटाचं पाणी आधी कोणाच्या वावरात जावं, हे ठरवताना मात्र दोघांचंही ऐकून घ्यावं लागतं.

एकदा बसलेलं लष्कर उठत नाही. ब्रह्मदेशात १९९० ची निवडणूक विरोधकांनी जिंकली, सत्ता मिळाली नाही. २००८ च्या राज्यघटनेनं संसदेच्या पाव जागा गणवेशाला राखून ठेवल्या. पुढे निवडून आलेल्या, त्याच विरोधकांच्या नेत्या आंग सान स्यू ची यांनाही त्याच लष्कराला सांभाळून घ्यावं लागलं. सात लाखांवर रोहिंग्यांना देशोधडीला लावणाऱ्या फौजेची बाजू त्यांनी २०१९ च्या डिसेंबरात हेगच्या न्यायालयात मांडली. हा त्यांच्यावरचा डाग पुसणार नाही. आणि चौदा महिन्यांत, १ फेब्रुवारी २०२१ ला, त्याच फौजेनं त्यांना अटक केली. ११ एप्रिल २०२३ रोजी सगाईंगमधल्या पाझीजी गावात जमलेल्या लोकांवर देशाच्याच विमानांनी बॉम्ब टाकले. शंभरावर माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती.

मग तलाठी, टँकर, रस्ता यांचं काय? नाशिक जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक बसला. निवडणूक का नाही, असं विचारत आपल्यापैकी किती जण रस्त्यावर आले? गावोगावी ग्रामसभा कोरमअभावी तहकूब होतात, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. मग दहा-पंधरा माणसं सह्या करून गावाचा आराखडा मंजूर करतात. कोरम म्हणजे शंभर मतदार किंवा पंधरा टक्के, यांतला कमी असेल तो आकडा. मिलिटरी मागणाऱ्यांनी एवढी माणसं घेऊन पुढच्या ग्रामसभेला यावं आणि टँकरचा हिशेब इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नये.