तंबोरा उतरतोच

तंबोऱ्याच्या घोडीवर, तारेखाली, सुताचा एक बारीक धागा असतो. तो केसभर पुढेमागे सरकवला की कोरडी वाजणारी तार एका नेमक्या जागी उमलते आणि न छेडलेले सूरही तिच्यातून ऐकू येऊ लागतात. याला जवारी लागणं म्हणतात. मिरजेत या कामात मुरलेली घराणी आहेत. त्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे.

हत्यारांची मागणी आटली तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, फरीदसाहेबांसारखे कारागीर तंतुवाद्यांकडे वळले. आडनावं 'सतारमेकर' झाली. अहिंसेवर त्यांना कुणी प्रवचन दिलं नव्हतं. पोट होतं, हातात कसब होतं आणि मिरज संस्थानात गाण्याची कदर होती. मला आशा वाटते ती याच रोखठोक व्यवहारामुळे. आधी मनं बदलतील, मग हात, असं आपण धरून चालतो. मिरजेत हात आधी वळले.

संगीताला धर्म नसतो, हे वाक्य मैफलीच्या निवेदनात आता गुळगुळीत झालंय. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, तो कोरणारा मुसलमान, हेही सांगायला गोड लागतं. पण याच मिरजेत २००९ च्या गणेशोत्सवात एका कमानीवरच्या चित्रावरून दंगल पेटली, संचारबंदी लागली. तंबोरे तेव्हाही घराघरांत होते. त्यांनी एकही दगड अडवला नाही. लाकडा-भोपळ्याने पोलिसाचं काम करावं, ही अपेक्षाच मुळात आपली चूक.

तंबोऱ्याकडून शिकायचं ते वेगळंच. तो उतरतो. हवा बदलली की उतरतो, कितीही नामवंत हाताने घडवलेला असो. गवई गाणं थांबवतो, मागे वळतो, खुंटी पिळतो, मणी सरकवतो. श्रोते निमूट थांबतात. 'मघाशी तर लागला होता!' म्हणून कुणी चिडत नाही, की वाद्यच मोडीत काढा असंही म्हणत नाही. सलोख्याच्या बाबतीत मात्र आपला धीर पहिल्याच बेसुराला सुटतो.

१९३७ च्या ऑक्टोबरात गवई उस्ताद अब्दुल करीम खाँ मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत अस्वस्थ वाटू लागलं म्हणून सिंगपेरुमाळकोईलच्या छोट्या स्टेशनावर उतरले. फलाटावरच तंबोरा लावून घेतला, प्रार्थना गायली आणि तिथेच गेले. त्यांना मिरजेत, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं.

दरवर्षी उरुसात त्याच आवारात गवई येऊन गातात, हिंदूही आणि मुसलमानही. आधी तंबोरे लावले जातात. त्याला वेळ लागतो.