हार गुंफण्यापूर्वी

 

श्रावण लागला की गावोगावचे सप्ताह सुरू होतात आणि आमच्याकडे विचारणा येऊ लागते. "महाराज, व्यासपीठाला फुलं कोणती लावावीत? विठोबाला कोणतं चालतं, कोणतं चालत नाही? अमक्या फुलाचा अर्थ काय?" प्रश्न चांगला आहे. देवापुढे फूल ठेवताना ज्याला त्याचा अर्थ विचारावासा वाटतो, तो निदान हात लांब करून फूल फेकीत तरी नाही. म्हणून या महिन्यात फुलांविषयीच बोलू. आणि शेवटी आमच्या हातून घडलेली एक चूकही सांगू. ती सांगितल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही.

गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी पूजेच्या वस्तू चारच सांगितल्या आहेत : पान, फूल, फळ आणि पाणी. चारही अशा, की भिकाऱ्यालाही मिळाव्यात. अट घातली ती फक्त भक्तीची. आता भक्तीला डोळ्यांनी पाहता येईल असे काहीतरी लागते, म्हणून आपल्या वाडवडिलांनी एकेका फुलाला एकेक भाव जोडून दिला.

प्रथम आपली तुळस घ्या. तिच्या मंजिरीला रंगाचा तोरा नाही, पाकळ्यांचा पसारा नाही. तरी विठोबाच्या गळ्यात मान तिचा, वारकऱ्याच्या गळ्यात माळ तिची, आणि पंढरीच्या वाटेवर मायबहिणी डोक्यावर वृंदावन घेतात तेही तिचेच. तुळशीचा भाव म्हणजे गाजावाजा न करता धरलेली निष्ठा. जास्वंद गणरायाची. सकाळी उमलते नि सांजेला मिटून जाते. आजची सेवा आजच कर, असे ती सांगते. कमळ चिखलात उभे राहून चिखल अंगाला लावून घेत नाही. प्रपंचात राहणाऱ्याने तिकडे पाहावे. भोळ्या शंकराला बेल हवा, आणि सोबत पांढरी रुई व धोतरा. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर डोळा जायचा, धोतरा तर विषच. पण जगाने दूर सारलेले तो जवळ करतो. उलट केतकीला एवढा सुगंध, पण पुराणात तिने ब्रह्मदेवासाठी खोटी साक्ष दिली म्हणून शिवाच्या पूजेतून ती गेली. वास चांगला, पण वाणी खोटी, तर काय उपयोग? आणि प्राजक्त पाहा. इतर फुले भुईवर पडली की देवाला चालत नाहीत. प्राजक्त मात्र पडलेलाच वेचायचा. जो आपण होऊन खाली आला, त्याला खाली पडल्याचा दोष लागत नाही.

अर्थ लावण्याची ही हौस एकट्या आपलीच नव्हे बरे. पॅरिस शहरी १८१९ साली फुलांच्या भाषेचे एक पुस्तक निघाले, आणि गुच्छ पाठवून मनातले गूज सांगण्याची चाल तिकडे फार पसरली. जपानात क्योटो येथील रोक्काकुदो मंदिरात बुद्धापुढे फुले ठेवता ठेवता पुष्परचनेची एक विद्याच उभी राहिली. तिला इकेबाना म्हणतात. तिच्यात फुले थोडी आणि मोकळी जागा जास्त.

कोणी म्हणेल, हे अर्थ फुलाच्या अंगातच असतात. तसे नाही. झेंडूचेच पाहा. दसऱ्याला त्याच्या तोरणावाचून आपले दार उघडे वाटते. पण हा झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. युरोपीय लोकांच्या जहाजांबरोबर तो इकडे आला. निशिगंधही तिकडचाच. म्हणजे ज्ञानोबारायांच्या काळी आळंदीत दसऱ्याला झेंडूचे तोरण नव्हते! मेक्सिकोत आजही नोव्हेंबरच्या आरंभी लोक झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात, ती गेलेल्या माणसांना घर सापडावे म्हणून. आपण त्याच फुलाने दिवाळीला लक्ष्मीला बोलावतो. फूल तेच; त्यांनी पितरांना हाक मारली, आपण लक्ष्मीला. मग हा भाव फुलात कोठून आला? वाहणाऱ्याच्या मनातून. मन कोरडे असेल तर फुलाचा अर्थ पाठ असून काय होणार?

हे आम्ही कीर्तनात पुष्कळदा सांगत असू. आता आमची गोष्ट ऐका.

काही वर्षांपूर्वी एका गावी श्रावणात सप्ताह होता. शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन आमच्याकडे. सजावटही आम्हीच मोठ्या हौसेने सांगून करवून घेतली होती. मधोमध पांढरा निशिगंध, म्हणजे सत्त्वगुण. दोन्ही अंगांना पिवळी शेवंती, म्हणजे वैराग्य. खाली तांबडी जास्वंद, म्हणजे रजोगुण देवाच्या पायाशी नमलेला. भोवती तुळशीची किनार. लोक येऊन पाहात, अर्थ विचारीत. आम्ही सांगत होतो, आणि खरे बोलायचे तर सांगताना आम्हांला बरे वाटत होते.

इतक्यात एक म्हातारी आली. पदराच्या ओच्यात तेरड्याची फुले. बांधावरून येता येता खुडलेली, पावसाने भिजलेली. म्हणाली, "महाराज, एवढी ठिवा पांडुरंगापाशी."

आम्ही एकदा फुलांकडे पाहिले, एकदा आमच्या मांडणीकडे. म्हटले, "आजी, तेरड्याचा रंग तीन दिवस. ही फुलं इथं शोभायची नाहीत."

ती हसली. "खरं हाय महाराज. पर आज काला. सांजच्याला समदंच उतरवायचं न्हवं? तीन दीस कुनाला पायजेत? देवाला घटकाभर पुरं."

आम्ही काही बोललो नाही. तिने फुले मंडपाच्या पायरीवर ठेवली, हात जोडले आणि मागे बायकांत जाऊन बसली.

कीर्तन रंगात आले. आम्ही नामदेवरायांच्या पायरीचा दृष्टान्त धरला. पंढरीनाथाच्या महाद्वारी पहिल्या पायरीखाली त्यांनी जागा मागून घेतली, संतांचे पाय लागावेत म्हणून, हे सांगत होतो. सांगता सांगता हात मंडपाच्या पायरीकडे गेला, आणि हाताबरोबर नजरही गेली. तिथे तेरडा पडला होता. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी चेंगरून त्याचा गुलाबी रंग दगडाला लागला होता. पुढचा शब्द आमच्या तोंडातून निघेना. टाळकऱ्यांना वाटले, बुवांचा घसा बसला. कुणी पाण्याचा तांब्या पुढे केला.

काला वाटून झाल्यावर आम्ही तिला शोधले. "प्रसाद घेऊन ती निंदणीला गेली," असे कुणी सांगितले. पुढल्या वर्षी विचारले, तर कोणती म्हातारी, हेच कुणाला उमजेना. क्षमा मागायची राहिली ती राहिलीच. त्या संध्याकाळी सजावट उतरली, तेव्हा आमचा सत्त्वगुण, आमचे वैराग्य आणि तिचा तेरडा, सारे एकाच पाटीत गेले.

पुढे भाद्रपद आला. घरी गौरी यायच्या. आमच्याकडे गौर म्हणून तेरड्याचीच रोपे आणण्याची चाल आहे. सूनबाई ती रोपे हळदीकुंकू लावून आत आणीत होती, आणि आम्ही दारात उभे राहून मनाशी मोजत होतो. एक दिवस आवाहनाचा, एक पूजनाचा, एक विसर्जनाचा. गौरही तीनच दिवसांची! ज्याला म्हणीत चंचल म्हणून नावे ठेवली, त्याचीच आपल्या बायकांनी देवी केली. आणि आम्ही तरी किती दिवसांचे, सज्जनहो?

माउलींनी अठराव्या अध्यायात सांगितले आहे, की आपले विहित कर्म हेच फूल समजून त्या सर्वात्मक ईश्वराला वाहावे, म्हणजे तो संतुष्ट होतो. माढा तालुक्यातील अरणचे सावतोबा तर जातीचे माळी. पण मळा टाकून ते देवामागे धावले नाहीत; खुरपे, मोट आणि नाडा यांतच त्यांची पूजा झाली. शके १२१७ मध्ये, म्हणजे सन १२९५ साली, ते समाधिस्थ झाले, आणि संतांच्या मेळ्यात त्यांची जागा ठरून गेली. त्या म्हातारीचेही तसेच. निंदणीचे हात, वाटेवरचे फूल आणि घटकाभराचा वेळ, एवढेच तिच्यापाशी होते. ते सगळे तिने आणले होते. आम्ही त्यात फक्त तेरडा पाहिला.

म्हणून आता विचारणाऱ्यांस आम्ही सांगतो ते असे. फुलांचे अर्थ अवश्य शिका, मुलांना शिकवा. पण हार गुंफायला बसण्यापूर्वी त्या अर्थातला एक तरी भाव त्या दिवशी अंगी आणा. तुळस ओवाल तर त्या दिवशी आपली सेवा बोलून दाखवू नका. कमळ वाहाल तर त्या दिवशीच्या व्यवहारात हात स्वच्छ ठेवा. वाहण्याआधी फुलाचा वास घेऊ नये, हा नेम आहे. पहिला भोग देवाचा, हे शिकण्यासाठी तो पाळा. प्लॅस्टिकची फुले देवापुढे नकोत. जे कोमेजत नाही त्याचे निर्माल्य होत नाही. आणि खऱ्या फुलांचे निर्माल्य नदीत लोटू नका. ते झाडाच्या बुडाशी घाला, त्याचे खत होऊन पुन्हा फूल येईल. चंद्रभागेला आई म्हणायचे नि तिच्या अंगावर पाट्या उपसायच्या, हे बरे नव्हे.

एक शेवटचे. मांडणी कितीही सुरेख साधो, तिच्यात ओंजळभर जागा मोकळी ठेवा. जपानच्या त्या मंदिरातले लोक ती शोभेसाठी ठेवतात. आपण ती उशिरा येणाऱ्यासाठी ठेवू. आमच्या सप्ताहात आता व्यासपीठाच्या मधोमध एक रिकामे ताट असते. कुणी काय आणील ते त्यात पडते : कुरडू, गवतफूल, कधी नुसतीच दुर्वांची जुडी. ताटात तेरडा आला की आम्ही उठून दोन्ही हातांनी घेतो, आणि आणणारीचा चेहरा नीट पाहतो. न जाणो, तीच असेल.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल.