पाहिले ते सांगावे का?



आपल्या वणी परिसरात निलजई, उकणी यांसारख्या कोळसा खाणींवर कितीतरी घरांची चूल पेटते. खाणीत पाळी सुरू होण्याआधी सिरदार आपला भाग फिरून पाहतो आणि दिसले ते नोंदवहीत लिहितो. खाण सुरक्षा महानिदेशालयाचे अधिकारीही तपासणी करतात. पाहणारे डोळे आहेत. प्रश्न आहे तो पाहिलेले खरेपणाने सांगण्याचा.

कामावर कोठेही असो, डंपरचा ब्रेक नीट लागत नाही किंवा मातीच्या ढिगाऱ्याला तडा गेला आहे हे दिसूनही आपण गप्प का बसतो? साहेब रागावतील म्हणून, आजवर काही झाले नाही म्हणून, किंवा सोबत्यावर कारवाई होईल म्हणून. शेवटच्या कारणात माया आहे. पण ज्या मायेपायी त्याच सोबत्याचा जीव धोक्यात येतो, ती खरी माया म्हणावी का? चुगली दुसऱ्याचे वाईट व्हावे म्हणून केली जाते. धोक्याची सूचना तो संध्याकाळी सुखरूप घरी यावा म्हणून दिली जाते.

२७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत जुन्या कामाच्या जागी साठलेले पाणी आत घुसले आणि सुमारे पावणेचारशे कामगार मृत्युमुखी पडले. असे पाणी एका दिवसात साठत नाही. अपघात घडण्याआधीच धोका तेथे असतो, म्हणून तर तपासणी.

तरीही सगळा भार बोलणाऱ्यावर टाकणे न्यायाचे नाही. ठेकेदाराकडे रोजीवर असलेल्या कामगाराला बोललो तर उद्या काम मिळणार नाही असे वाटते, आणि ती भीती पोकळ नाही. त्याच्याकडून धैर्याची अपेक्षा करण्याआधी, ज्यांच्या हाती काम देणे आहे त्यांनी त्याला अभय दिले पाहिजे. पवित्र शास्त्रातील अनुवादाच्या पुस्तकात (२२:८) नवे घर बांधणाऱ्याने छताला कठडा करावा असा नियम आहे. कोणी पडून मेला तर दोष घराला लागतो. कठड्याची जबाबदारी घर बांधणाऱ्याची आहे.

आपल्यापैकी काही कामगार आहेत, काही मुकादम, तर काहींच्या घरी बांधकाम चालू असेल. परांचीवरचा मजूर "फळी हलते आहे" म्हणाला, तर आपण "लवकर आटपा" म्हणतो की काम थांबवून फळी बांधायला लावतो? या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या मनाला हा प्रश्न विचारावा.